पिशवीत शिवलेला नंबर

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही, त्याची माफी आधीच मागून ठेवते. चौथीपर्यंत शिकले, तेही अमळनेर तालुक्यातल्या एका खोलीच्या शाळेत. नंतर हातात पाटीऐवजी कापड आलं. आमच्या वसाहतीतलं मंडळ दिवाळीला अंक काढतं. यंदा त्यांनी बायकांना सांगितलं, आपापल्या कामाचे अनुभव लिहून द्या. मी हो म्हणून मान हलवली. देणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. चार लोकांत माझं नाव वाचलं गेलं तर मला जेवण जायचं नाही. पण लिहायला बसले आणि आता हात थांबत नाही. वही साड्यांच्या खाली ठेवते.

लिहायचं आहे ते मोबाइलचं. सुरतेत मोबाइल नवा नवा आला तेव्हा आमच्या कारखान्याचे पाच मोबाइल माझ्या ताब्यात होते. त्यांचं कपाट माझ्याकडे, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. कोणाला कोणता द्यायचा, परत कधी घ्यायचा, हरवू नये म्हणून काय करायचं, सगळं मी ठरवायचे. आणि त्यातल्या एका फोनचं बारा हजारांचं बिल माझ्या हातच्या शिवणीमुळे आलं. त्या बिलापायी किल्लीही जायची वेळ आली होती आणि एका भल्या माणसाची अब्रूही. तेच सांगते.

आमचा कारखाना सुरतेजवळच्या सचिन गावच्या जीआयडीसीत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत. मागावरून उतरलेलं कोरं कापड, म्हणजे ग्रे, आमच्याकडे यायचं. ते धुऊन, रंगवून, घड्या घालून सुरतेच्या मार्केटला जायचं. प्लेगच्या वर्षी आम्ही सगळे गावाला पळालो होतो. परत आल्यावर मला तिथल्या घडीखात्यात काम मिळालं. दिवसभर उभं राहून कापडाच्या घड्या घालायच्या आणि ग्रे आला की त्याच्या टोकावर नंबर शिवायचे. नंबर शिवायचे म्हणजे काय, ते सांगायला हवं. वीस पार्ट्यांचं, म्हणजे व्यापाऱ्यांचं, कोरं कापड एकसारखं पांढरं दिसतं. कोणाचं कोणतं हे कळायला प्रत्येक ताक्याच्या टोकाला नंबर लागतो. शाईने लिहिला तर रंगाच्या उकळत्या पाण्यात धुऊन जातो. दोऱ्याने शिवला तर कुठेही जात नाही. माझा हात त्यात बसला होता. आठ, तीन, पाच असे आकडे मी अंधारातसुद्धा शिवले असते.

घडीखात्याच्या कातऱ्या, सुया, खडू माझ्याकडे असायचे. प्रत्येक कातरीला मी वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. हिरवा दोरा कोणाकडे, पिवळा कोणाकडे, मला तोंडपाठ. दोन वर्षांत एकही कातर हरवली नाही. हे शेठच्या कानावर गेलं असणार, कारण एके दिवशी धनसुखभाई शेठ स्वतः घडीखात्यात आले. पाठीमागे मेहताजी, म्हणजे आमचे हिशेबनीस, दोन्ही हातांत खोके घेऊन.

शेठ म्हणाले, "सिंधूबेन, आ पण कातर ज समजो." हीसुद्धा कातरच समजायची.

खोक्यांत पाच मोबाइल होते. विटेएवढे म्हणणार नाही, पण साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्या तेवढे होते, वर काडीसारखा अँटेना. एकेकाची किंमत ऐकून मला घाम फुटला. माझ्या वर्षाच्या पगारात एक आला नसता. फोन सांभाळायला शेठकडे पुढच्या ऑफिसातली शिकलेली मुलं होती, पण ती मुलंच फोन घेऊन मित्रांशी बोलत बसतील, ही भीती होती. मी कोणाला फोन लावणार? माझ्या ओळखीच्या कोणाकडे फोन नव्हताच.

मला एक खुर्ची मिळाली, एक लोखंडी कपाट मिळालं आणि महिन्याला तीनशे रुपये जास्त मिळायला लागले. खुर्ची! घडीखात्यातल्या बायका येऊन तिला हात लावून बघायच्या.

आता हे काम काय असतं ते सांगते, कारण आज कोणाला खरं वाटणार नाही. त्या वेळी फोन केला तरी पैसे आणि आला तरी पैसे. मिनिटामिनिटाला मीटर. म्हणून शेठचा पहिला नियम, काम नसेल तर उचलायचा नाही. आधी आमच्या लोकांकडे पेजर होते. कमरेला डबी, ती टिकटिक करायची, मग हा माणूस पीसीओ शोधत धावायचा. आता धावणं गेलं. सकाळी पाच जण माझ्या टेबलापुढे उभे राहायचे. मार्केटमधल्या पार्ट्या सांभाळणारे किरीटभाई यांचा एक फोन, कडोदऱ्याहून ग्रे आणणारे भगवान पाटील यांचा दुसरा, बाकीचे तीन ज्या दिवशी ज्याला काम असेल त्याला. मी वहीत नाव लिहायचे, वेळ लिहायचे, बॅटरीचे दांडे किती आहेत ते लिहायचे. संध्याकाळी परत घेताना तेच सगळं पुन्हा.

आणि दुसरी एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी केली. बॅटरी काढली की आत एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर पंधरा आकडे. मी पाचही फोनचे ते आकडे वहीत उतरवून घेतले. कोणी सांगितलं नव्हतं. ग्रे कापडात राहून एवढं शिकले होते की दिसायला सारखं असलेल्या वस्तूवर विश्वास ठेवायचा नाही, नंबर बघायचा. किरीटभाई हसले होते. "सिंधूबेन तो फोननो पण लॉट नंबर पाडे छे!"

दोन महिन्यांनी त्यांचा फोन दुरुस्तीला गेला. सुरतेतल्या दुकानातून परत आला, तोच रंग, तेच बटण, वर प्लास्टिकसुद्धा नवं. मी बॅटरी काढली आणि वही उघडली. पहिले सहा आकडे जुळले, पुढचे नाही. मी पुन्हा वाचले. दुकानदाराने आमचा नवा फोन ठेवून घेऊन तसाच दिसणारा कोणाचातरी जुना आत घातला होता. मी वही किरीटभाईंपुढे सरकवली. ते स्कूटरवर गेले आणि तासाभरात खरा फोन घेऊन आले.

"तेने पूछ्युं, तमारे त्यां कोण एन्जिनियर छे?" ते सांगत होते आणि अख्खं घडीखातं हसत होतं. मी कपाट पुसत बसले. पण तो दिवस मी अजून काढून काढून बघते, ठेवणीतल्या साडीसारखा.

आता त्या नंबरकडे येते, ज्याने मला गोत्यात आणलं.

मोबाइलमध्ये एक चिपचं कार्ड असतं. त्याला चार आकड्यांचं गुप्त कुलूप असतं. फोन बंद करून पुन्हा चालू केला की तो आकडे विचारतो. बरोबर सांगितले तर चालू, तीन वेळा चुकले तर कार्ड अडकतं. मग कंपनीने पाकिटात दिलेला आठ आकड्यांचा मोठा नंबर घालावा लागतो, तो माझ्या कपाटात. हे कुलूप फार कामाचं. चोराच्या हातात फोन गेला आणि बॅटरी संपली की फोन म्हणजे दगड.

पण आमच्या माणसांना आकडे लक्षात राहायचे नाहीत. किरीटभाईंना चारशे पार्ट्यांचे भाव तोंडपाठ, हे चार आकडे मात्र नाही. दर आठवड्याला कोणाचातरी फोन अडकायचा. एकदा भगवानभाऊ कडोदऱ्याला अडकले आणि इकडे चुकीचा लॉट रंगात गेला. जांभळा व्हायचा तो लाल झाला. शेठ इतके ओरडले की रंगखात्यातून माणसं बाहेर आली.

भगवानभाऊ आमच्या शेजारच्या गावचे. सुरतेत आम्ही त्यांच्या ओळखीनेच आलो. बुटके, जाड मिशीचे, बोलताना सारखे खिसे चाचपणारे. त्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन बसले आणि म्हणाले, "बहीन, मन्हं डोकं म्हणजे फुटका माठ शे. काही तरी कर."

मी केलं. प्रत्येक फोनला मी उरल्या कापडाची पिशवी शिवलेलीच होती, पट्ट्याला अडकवायची. रात्री घरी बसून त्या पाचही पिशव्यांच्या आतल्या बाजूला मी ज्याचे त्याचे चार आकडे शिवले. बारीक टाका, लाल दोरा. शाईने लिहिले असते तर घामाने गेले असते. दोऱ्याचा नंबर जात नाही. मला वाटलं, किती हुशारी केली मी! ताक्याचा नंबर ताक्याबरोबरच हवा, तसा फोनचा नंबर फोनबरोबरच हवा. हा विचार मला एवढा बरोबर वाटला की त्यात काही खोट असेल असं मनात आलंच नाही. ताक्याचा नंबर सगळ्यांनी वाचावा म्हणून असतो आणि हा कोणीच वाचू नये म्हणून, एवढा साधा फरक. कोणाच्याच ध्यानात आला नाही. पाचही जण खूश झाले. चार महिने एकही फोन अडकला नाही. शेठ म्हणायचे, "हवे बधा सुधरी गया," आता सगळे सुधारले. पिशवीत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं.

मग एका शनिवारी भगवानभाऊंचा फोन गेला.

ते कडोदऱ्याला टेम्पोत ग्रे भरून घेत होते. मोजताना पट्टा टोचतो म्हणून फोन पिशवीसकट काढून ताक्यांच्या थप्पीवर ठेवला. मोजून झालं, बघतात तर फोन नाही. त्यांना वाटलं, कापडात कुठेतरी घसरला. हेच त्यांचं चुकलं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. रविवारी सुट्टीच्या दिवशी गोदामात जाऊन एकट्याने दोनशेच्या वर ताके उलगडले, झटकले, पुन्हा गुंडाळले. सोमवारी सकाळी माझ्या टेबलापुढे आले तेव्हा त्यांच्या बोटांची सालं निघाली होती.

"गयं वं बहीन," एवढंच म्हणाले.

मेहताजींनी कंपनीला फोन करून लाइन बंद करवली. पण शनिवार संध्याकाळ ते सोमवार दुपार एवढा वेळ मध्ये गेला होता. महिनाअखेर बिल आलं. त्या एका फोनचं बारा हजार. बिलाबरोबर नंबरांची यादी होती, मेहताजींनी ती माझ्या टेबलावर पसरून कोड शोधले. गंजाम, गोरखपूर, दरभंगा, पुन्हा गंजाम, पुन्हा गंजाम. पाच मिनिटं, सात मिनिटं, तीन मिनिटं. ज्याने फोन उचलला त्याने रविवारी कुठेतरी बसून पीसीओच थाटला होता. मागावरची माणसं रांगेत उभी राहून घरी बोलली असणार, स्वस्तात. ती यादी बघताना बिलाचा आकडा समोर होता, तरी मनात आलं, चला, एवढ्या आयांना मुलांचा आवाज ऐकायला मिळाला.

पण मेहताजी दुसरंच बोलले. "फोन एक वेळा बंद पडीने पाछो चालू थयो छे. कंपनीवाळा कहे छे. कोड वगर चालू थाय ज नहीं. कोड कोणे आप्यो?" फोन मध्ये बंद पडून पुन्हा चालू झाला होता आणि कोडशिवाय तो चालू होत नाही. मग कोड कोणी दिला?

शेठनी त्याचा एकच अर्थ काढला. भगवानने फोन विकला, कोडसकट. दोन दिवस गप्प का राहिला, त्याचंही उत्तर त्यांना मिळालं. सांगून टाकलं, उद्या सकाळपर्यंत कबूल कर, नाहीतर पोलीस.

आणि भगवानभाऊंनी तोंड उघडलं नाही. पिशवीत नंबर शिवलेला आहे, एवढं एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. दुपारी मी पाणी द्यायला गेले तेव्हा मला म्हणाले, "तू चूप ऱ्हाय. मी काय, दुसरा ठिकाने काम देखसू. तुन्ही खुर्ची गयी ते परत नही भेटाव."

मी घरी गेले. भाकरी केल्या, करपवल्या. माझ्या नवऱ्याला, आमच्या मीनाच्या बाबांना, सांगितलं. ते उधन्याला मागावर होते, मागाच्या आवाजाने कान मंद झालेले, त्यांना मोठ्याने सांगावं लागायचं आणि भिंतीपलीकडे ऐकू जायचं. म्हणून मी कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "मग? बोलशील?"

मी शेठपुढे तोपर्यंत "हा" आणि "जी" याच्या पुढे कधी बोलले नव्हते. केबिनमध्ये जायची वेळ आली तर मी मेहताजींकडे कागद द्यायचे. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हा मी रडले होते, एवढी माझी वाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या चार पिशव्या घेतल्या आणि केबिनचं दार ढकललं. शेठ अगरबत्ती लावत होते. भगवानभाऊ कोपऱ्यात उभे, किरीटभाई आणि मेहताजी बसलेले.

"शुं छे, सिंधूबेन?"

मी एक पिशवी उलटी केली आणि टेबलावर ठेवली. मग दुसरी, तिसरी, चौथी. लाल दोऱ्याचे आकडे वर आले. अगदी सुरेख शिवलेले, खोटं कशाला बोलू.

शेठनी चष्मा लावला. पहिली पिशवी उचलली, वाचली. किरीटभाईंनी मान खाली घातली.

"ये क्या है?"

"कोड," मी म्हटलं. "मैंने सिलाया. पांचो में. भगवानभाऊ का भी. भगवानभाऊ ने नहीं बेचा. मेरी गलती है."

शेठ खुर्चीत मागे रेलले. "तिजोरीनी चावी तिजोरी पर ज लटकावी दीधी!" मग मेहताजींकडे वळले. "इनसे कपाट ले लो. आज से वापस घडीखाते में."

इथे माझ्या आत काय झालं कोण जाणे. एकदा बोलले होते, तर तोंड चालूच राहिलं. म्हटलं, "शेठ, बिल के पैसे मैं देगी. लेकिन कपाट मत लो."

"क्यूँ?"

"कपाट के तीन सौ ज्यादा मिलते. वो तीन सौ आप काटो, बिल भरेगा. कपाट लिया तो तीन सौ भी गया. फिर मैं कहाँ से देगी?"

मग किरीटभाईंना हसू फुटलं. शेठनी त्यांच्याकडे डोळे वटारले, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. गुजराती माणसाला हिशेब बरोबर दिसला की राग टिकवणं जड जातं, हे मी तेव्हा पाहिलं.

तेवढ्यात भगवानभाऊ पुढे आले. "आधा मेरा. मैंने दो दिन नहीं बताया. उसी दिन बोलता तो बिल नहीं आता." मी नको म्हणत होते, ते ऐकेनात. शेठनी ठरवलं, फोनची किंमत कारखान्याची, बिल दोघांचं. सहा हजार माझे, सहा हजार त्यांचे. महिन्याला तीनशे कापायचे, वीस महिने. आणि एक अट घातली. पुन्हा एक जरी फोन असा गेला तर कपाटही जाणार आणि मीही.

घरी सांगितलं तेव्हा मीनाचे बाबा बघतच राहिले. "तू बोललीस? शेठशी? हिंदीत?" त्यांनी तीनदा विचारलं. पैशाचं काही विचारलंच नाही.

त्या दिवसापासून मी ते काम नव्याने केलं, आणि खरी मजा तिथून पुढे. चारही पिशव्या उसवल्या. गेलेल्या फोनच्या जागी कारखान्याने नवा आणला, सगळ्यांचे कोड बदलले. लग्नाची तारीख नको, स्कूटरचा नंबर नको, एक-दोन-तीन-चार तर नकोच. नवीन नियम असा, सकाळी फोन घेताना माझ्या कानात कोड सांगायचा. न चुकता सांगितला तर फोन मिळेल, नाहीतर पेजर घेऊन जा. पहिल्या आठवड्यात माझ्या टेबलापुढे शाळा भरली. माणसं रांगेत उभी राहून पुटपुटायची. किरीटभाई बोटांवर मोजायचे. तीन दिवस त्यांना पेजर मिळाला, मार्केटात लोक चिडवायला लागले, चौथ्या दिवशी पाठ. डोकं फुटक्या माठासारखं म्हणणारे भगवानभाऊ तर धडाधड बोलायचे.

एकदा शेठ स्वतः आले. त्यांचा फोन चार्जिंगला होता, त्यांना कपाटातला हवा होता; त्याचा कोड त्यांनाही सांगून ठेवलेला होता.

मी म्हटलं, "कोड?"

"मारो ज फोन छे, बेन!"

मी मान खाली घातली. फोन दिला नाही. हातही पुढे केला नाही. शेठ लाल झाले, वळले, दारापर्यंत गेले, तिथून परत आले आणि वाकून माझ्या कानात चार आकडे बोलले. चुकीचे. दुसऱ्या वेळी बरोबर. फोन घेऊन जाताना किरीटभाईंना म्हणाले, "आ बाई तो बँक करतां पण कडक छे!" ही बाई बँकेपेक्षा कडक आहे. बाई, काय आनंद झाला मला!

दुसरा नियम मी मेहताजींकडून कागदावर लिहून घेतला आणि शेठची सही घेतली. फोन हरवला की पहिल्या तासात सांगायचं. जो तासात सांगेल त्याला कोणी ओरडायचं नाही, एक पैसा कापायचा नाही. शेठ म्हणाले, मग सगळे हरवतील. मी म्हटलं, "भगवानभाऊ डर से नहीं बोले, बिल डर का आया." त्यांनी सही केली. कपाटाच्या दाराला आतून मी कंपनीचा नंबर आणि पाचही फोनचे पंधरा-पंधरा आकडे चिकटवले. कपाट बंद असताना ते कोणाला दिसत नाहीत. हा धडा मी शिकले होते.

आणि झालंच. सहा-सात महिन्यांनी एका दुपारी टेबलावरचा फोन वाजला. किरीटभाई, रिंग रोडवरच्या पीसीओवरून, धापा टाकत.

"सिंधूबेन, गयो! दस मिनिट थई! रिक्षामां पाकीटमार..."

मेहताजी बँकेत गेलेले. कंपनीला मलाच फोन करायचा होता. मी नंबर फिरवला. पलीकडे एक मुलगी, गोड आवाजाची, भराभर हिंदी बोलणारी. तिने नाव विचारलं, मी सांगितलं. कारखान्याचं नाव विचारलं, सांगितलं. मग म्हणाली, "हँडसेट का नंबर है आपके पास?" कपाट उघडायची गरजच पडली नाही. मी डोळे मिटले आणि पंधराच्या पंधरा आकडे बोलून दाखवले. पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मॅडम, बंद कर दिया." मॅडम! घडीखात्यातल्या बायका दारात जमल्या होत्या. मी रिसीव्हर ठेवला आणि हात वर केले, माझ्याच नकळत. सगळ्या ओरडल्या, जशी मॅच जिंकली.

त्या महिन्याच्या बिलात एकही परका नंबर नव्हता. शेठनी बिल दोनदा वाचलं आणि मेहताजींकडे दिलं. किरीटभाईंना कोणी ओरडलं नाही. कपाट राहिलं, मी राहिले.

एक गोष्ट मात्र मला जमली नाही. फोन स्वस्त होत गेले तसे लोक स्वतःचे घेऊ लागले. किरीटभाईंनीही घेतला. म्हणाले, कारखान्याचं काम याच्यावरच करतो, तुमचा फोन नको. सगळ्यांना बरं वाटलं, खर्च वाचला. मी म्हटलं, त्यांच्या फोनमध्ये आपल्या सगळ्या पार्ट्यांचे नंबर आहेत, ते माझ्या वहीत उतरवून घ्या. पण हळू म्हटलं, आणि कोणी ऐकलं नाही. पुढे किरीटभाई दुसऱ्या मिलमध्ये गेले आणि खिशातून आमचं अर्धं मार्केट घेऊन गेले. मोठ्याने म्हणायला हवं होतं. एकदा बोलायला शिकलेलं माणूस रोज बोलतंच असं नाही.

पैशाचं सांगायचं राहिलं. वीस महिने तीनशे-तीनशे कापले गेले. मला ते जड गेले नाहीत, कारण ते कपाटाचेच होते. जणू दोन वर्षं मी ते काम फुकट केलं, आणि खरं सांगते, फुकटसुद्धा केलं असतं. भगवानभाऊंना जड गेले. त्यांना जास्तीचे तीनशे कुठे होते? त्यांनी चहा सोडला, तंबाखू सोडली. मध्ये वडील वारले तेव्हा गावाला जाऊन दोन महिने राहिले, तेवढे हप्ते त्यांचे मागे पडले.

विसाव्या पगाराच्या दिवशी मी मेहताजींच्या खिडकीपाशी उभी राहिले. त्यांनी माझं पान उघडलं, तीनशे कापले आणि खाली दोन रेघा मारल्या. मी त्यांना म्हटलं, भगवानभाऊंचं पान पण काढा. त्यांचे सहाशे बाकी होते. त्या दिवाळीचा बोनस माझ्या हातात होता, त्यातले सहाशे मोजून मी खिडकीतून आत सरकवले. मेहताजींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"एने खबर छे?" त्याला माहीत आहे का, असं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पावती द्या. दोघांची."

त्यांनी दोन पावत्या फाडल्या. मी एकेक आकडा वाचला, बारा हजार पुरे होतात का ते बघितलं. होत होते. मग बाहेर आले. भगवानभाऊ टेम्पोला टेकून उभे होते, माझा हात बघून सरळ झाले.

"फिटी गयं का तुन्हं?"

"फिटी गयं," मी म्हटलं आणि दुसरी पावती त्यांच्या हातात दिली. "मन्हं बी, तुम्हनं बी."